पिळण्याचा वेग आणि विजेचे बिल

आमच्या पिरनवाडीत आता बऱ्याच घरांत कपडे धुण्याचे यंत्र आले आहे. त्याच्या जोडीला एक समजूतही आली आहे : पिळायचा वेग वाढवला की मीटर पळतो. म्हणून वेग कमी ठेवायचा, नाहीतर निथळते कपडे आईने हातांनी पिळायचे. ही काटकसर मला मुळीच मान्य नाही.

साधा हिशेब करू. 400 वॅटची मोटर सलग सहा मिनिटे फिरली, तरी लागते 0.04 युनिट. उलट दहा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.4 युनिट, म्हणजे दहापट वीज खर्च होते. बिल फुगते ते गरम पाण्याने, पिळण्याने नव्हे.

शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको, की फेऱ्या दुप्पट झाल्या की केंद्रोत्सारी बल चौपट होते. मिनिटाला 700 ऐवजी 1400 फेऱ्या केल्या म्हणून कपडे कोरडे होत नाहीत. धाग्यांत मुरलेले पाणी राहतेच. पण जादा निघालेल्या प्रत्येक लिटरचे मोल मोठे आहे. तेवढ्या पाण्याची उष्णतेने वाफ करायला सुमारे 0.67 युनिट लागते. युरोपात विजेवर कपडे वाळवणाऱ्यांना जादा वेग परवडतो, तो यामुळेच.

आपल्या अंगणात ऊन फुकट आहे. तेव्हा केवळ वीज वाचेल म्हणून 1400 फेऱ्यांच्या यंत्रासाठी जादा पैसे मोजणे शहाणपणाचे नाही. मात्र जून ते सप्टेंबर बेळगावची झड आपण जाणतोच. कपडे घरात पंख्याखाली येतात. 75 वॅटचा पंखा दहा तास चालला की पाऊण युनिट गेले! अशा दिवसांत, नाजूक वस्त्रे वगळून, आहे त्या यंत्राचा पूर्ण वेग वापरावा.

ऑगस्ट 2023 पासून लागू झालेल्या 'गृहज्योती'मुळे बिलाची धास्ती कमी झाली हे खरे. पण 200 युनिटांची मर्यादा ओलांडली की त्या महिन्याचे सारे बिल आपल्यालाच भरावे लागते. काठावरच्या घराला पंख्याची ही युनिटे जड जातात.

आणि मीटरवर न उमटणारा एक खर्च आहे : ओल्या चादरी पिळणाऱ्या मनगटांचा. चार शतांश युनिट वाचवण्यासाठी तो घरातल्या बाईवर लादणे, याला मी काटकसर म्हणणार नाही. पदार्थविज्ञान परीक्षेपुरते शिकायचे नसेल, तर आपण हा हिशेब घरी मांडून दाखवलाच पाहिजे.