हाडाच्या गाठीवर चाकू कधी?

नागपूरच्या धंतोलीत दवाखाना नाही अशी गल्ली शोधावी लागते. वणी, आर्वी, गोंदियाहून आणि पलीकडच्या छिंदवाडा-बैतूलहूनही लोक इथे येतात. त्यातल्या कुणी दात घासताना आरशात टाळूच्या मधोमध उंचवटा पाहिलेला असतो. कुणाच्या जिभेला खालच्या दातांच्या आतल्या बाजूला दोन टणक गोळे लागलेले असतात. खुर्चीत टेकायच्या आधीच प्रश्न येतो, ‘डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?’

ही भीती उगाच नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भात पानठेल्यापानठेल्यावर मिळतो आणि त्याने काय होतं, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे.

पण टाळूवरचा तो उंचवटा बहुतेक वेळा निव्वळ हाड असतो. दंतवैद्यकात त्याला टोरस म्हणतात. टाळूवरचा टोरस बायकांमध्ये जास्त आढळतो. खालच्या जबड्यातला बहुधा दोन्ही बाजूंना, सुळ्याच्या मागच्या लहान दाढांजवळ असतो. वयात आल्यानंतर तो हळूहळू वाढतो, इतका हळू की कित्येकांना चाळिशीपर्यंत पत्ताच नसतो. घराण्यातून येणारी ठेवण आणि झोपेत दात खाण्याची सवय ही त्यामागची कारणं मानली जातात. बोट फिरवलं तर दगडासारखा घट्ट, वर गुळगुळीत गुलाबी त्वचा, दुखणं नाही. टोरसचा कॅन्सर होत नाही.

मग काढायचा कशाला? बहुतेकांनी काढूच नये. कवळी बसवायची आहे आणि गाठ आड येते, वरची पातळ त्वचा भाकरीच्या कडेने पुन्हा पुन्हा सोलली जाते, बोलताना किंवा गिळताना अडतं, एवढीच कारणं खरी. शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते, पण ती किरकोळ नव्हे. टाळूवर हात चुकला तर नाकापर्यंत भोक पडू शकतं. जिभेखाली लाळेची नळी आणि जिभेची नस अगदी लगत असतात. ‘आलाच आहात तर काढून टाकू’ असं कुणी म्हटलं, तर न संकोचता कारण विचारावं.

हाडं ठिसूळ झाली म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन किंवा ॲलेंड्रोनेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. या औषधांवर असताना जबड्याचं हाड उघडं पडलं, तर जखम महिनोन्‌महिने भरत नाही. कधी टोरसवरच्या साध्या ओरखड्यानेही ही वेळ येते. औषध स्त्रीरोगतज्ज्ञांनी किंवा हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं असतं, म्हणून दाताच्या दवाखान्यात ते सांगायचं राहून जातं. गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी.

मात्र ‘हाडच आहे’ हे घरी बसून ठरवायचं नसतं. एका बाजूलाच आलेली, झपाट्याने वाढणारी, मऊ किंवा सहज रक्त येणारी गाठ वेगळी. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा-लाल चट्टा, कमी उघडणारं तोंड यांतलं काही असेल, तर त्याच आठवड्यात दाखवावं आणि तुकडा तपासायला सांगितला तर टाळू नये. खर्रा खाणाऱ्याने तर मुळीच नाही. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘मेडिकल’च्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. पैशासाठी तपासणी पुढे ढकलायचं कारण नाही.

आणि डॉक्टरांनीही एक करावं. ‘काही नाही, जा’ एवढ्यावर रुग्णाला वाटेला लावू नये. हाती आरसा देऊन गाठ दाखवावी, त्याचं बोट तिथे ठेवून घट्टपणा जाणवू द्यावा आणि कागदावर मराठीत लिहावं: हाडाची गाठ, आकार अमुक मिलिमीटर, तारीख, काढण्याची गरज नाही. पुढच्या वर्षी आर्वीतल्याच दवाखान्यात तो कागद दाखवून माप पुन्हा घेता येईल.