बारा ग्रॅमच्या पाखराला मेंढीचे औषध नको

फलटण परिसराला मेंढीपालन नवे नाही. जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी इथल्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केली. मेंढ्यांच्या जंतांवर आणि खरजेवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिनही मेंढपाळांच्या ओळखीचे. म्हणूनच घरातल्या पिंजऱ्यातील फिंचच्या चोचीवर पांढरी खपली दिसली, की त्याच बाटलीतला एखादा थेंब द्यावासा वाटतो. हा मोह पाखराच्या जिवावर बेतू शकतो.

हिशेब साधा आहे. एक टक्का तीव्रतेचे हे इंजेक्शन पन्नास किलोच्या मेंढीला एक मिलिलिटर देतात. झेब्रा फिंचचे वजन असते साधारण बारा ग्रॅम. वजनाच्या त्याच प्रमाणात तिच्या वाट्याला मिलिलिटरचा चार हजारावा भाग येतो. ड्रॉपरचा एक थेंब त्याच्या सुमारे दोनशे पट भरतो! एवढ्या मात्रेने पाखरू सुस्तावते, त्याचा तोल जातो आणि ते दगावूही शकते. दोष औषधाचा नाही. त्याच्या शोधाला २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. दोष अंदाजाने दिलेल्या मात्रेचा आहे.

शिवाय, मुळात ती खरूजच आहे का? चोचीच्या कडेला, डोळ्यांभोवती किंवा पायांवर मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची खपली असेल, तर कातडीत बिळे करणाऱ्या माइटचा संशय घ्यावा. खपली नाही, पण चोच वेडीवाकडी वाढली असेल, तर यकृताचा विकार, जुनी इजा किंवा चोच घासायला कठीण वस्तू नसणे अशी कारणे असू शकतात. डोक्यावर टक्कल पडले असून कातडी स्वच्छ असेल, तर बहुधा दाटीच्या पिंजऱ्यातले सोबतीच पिसे उपटत असतात. रात्री पाखरे अस्वस्थ होत असतील, तर पिंजऱ्यावर पांढरे फडके टाकून सकाळी पाहावे. त्यावर लालसर ठिपके सरकताना दिसले, तर ते रात्री रक्त शोषणारे माइट. आणि पिल्लाची काळी चोच हळूहळू लाल-केशरी होणे हा तर आजारच नाही.

म्हणजे एकाच दिसणाऱ्या तक्रारीमागे चार-पाच कारणे, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. त्यांतला फरक काचपट्टीवर कळतो. खपलीचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, एवढीच ती तपासणी. मेंढीच्या खरजेसाठी पशुवैद्यक हेच करतात. त्यामुळे ‘इथे पाखरांचे डॉक्टर नाहीत’ म्हणून हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पाखराला छोट्या खोक्यातून पशुवैद्यकाकडे न्यावे आणि खरवडून तपासण्याची विनंती करावी. जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गुंतागुंतीच्या वेळी तिथे विचारता येते.

माइट सापडले, तर डॉक्टर औषध पातळ करून, मोजून मानेच्या कातडीवर लावतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा देतात. पिंजऱ्यातल्या सगळ्या पाखरांवर एकदम उपचार हवेत. घरटे आणि लाकडी दांड्या बदलाव्यात, सांधे गरम पाण्याने धुवावेत. तेल चोपडू नये. पिसे चिकटली, की पाखराला अंगातली ऊब टिकवता येत नाही. नुसत्या राळ्या-बाजरीवर ठेवलेल्या पाखराला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते. त्यासाठी पालक, कोथिंबीर आणि समुद्रफेसाचा तुकडा द्यावा.

पाखराच्या किमतीपेक्षा तपासणीच महाग पडते, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण पिंजऱ्यातले पाखरू स्वतःचे औषध शोधायला उडून जाऊ शकत नाही. ज्याने दार लावले, तपासणीची जबाबदारी त्याचीच.