जाता-जाता : कच्चा टाका, पक्की शिवण

शनिवारी सकाळी लवकर निघायचं, डेव्हन ॲव्हेन्यूवर पार्किंगसाठी तीन चकरा मारायच्या, आणि जागा मिळाली की ती नेमकी मिठाईच्या दुकानासमोर मिळायची, हा आमचा कित्येक वर्षांचा अनुभव. यंदा बरोबर आई होती. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली आहे. 'गांधी मार्ग' ही पाटी वाचून तिने आधी हात जोडले, मग काचेआडच्या जिलब्या पाहून म्हणाली, "पाव किलो घे. मी नाही खाणार, तुमच्यासाठी." मंडळी, ज्यांच्या घरी मधुमेही आई-वडील येऊन गेलेत त्यांना या 'तुमच्यासाठी'चा अर्थ सांगायला नको. घरी पोचेपर्यंत पुडा निम्मा झालेला असतो.

थट्टा पुरे. आईच्या तळपायांची आग होते, रात्री धड झोप नाही. निघण्यापूर्वी तिकडच्या डॉक्टरांनी "आता गोळ्या पुरत नाहीत, इन्सुलिन सुरू करा" असं लिहून दिलं होतं. पेन आलं, आमच्या फ्रीजच्या दारात विराजमान झालं, आणि दीड महिना तिथेच राहिलं. विचारलं की उत्तर एकच, "बघू." त्या दिवशी डेव्हनवर चहा घेता घेता खरं कारण बाहेर पडलं. "अरे, आमच्या अण्णांना शेवटी गाईचं इन्सुलिन देत होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कळलं तेव्हा महिनाभर देवघरात पाऊल टाकलं नाही त्यांनी. मला ते नको."

आम्ही गप्प. सुईची भीती असेल अशी आमची समजूत होती; इथे तर वडिलांची आठवण आड येत होती.

घरी येऊन पुस्तकं उघडली. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं, जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्यानंतर साठ वर्षं जगभरच्या मधुमेह्यांना गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच ते मिळत होतं. अण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं. १९८२ साली मात्र माणसाच्याच इन्सुलिनची जनुक जिवाणूत घालून तयार केलेलं इन्सुलिन अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. आज सर्रास मिळतं ते असंच, जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून करून घेतलेलं. आईच्या पेनात गाय नाही. आम्हाला वाटलं, झालं, विषय संपला.

पण आई ही आई. तिचा पुढचा प्रश्न आला, "ते असू दे. पण गाईचं माणसाला चाललंच कसं?"

वाचकहो, या एका प्रश्नावर मोठमोठ्यांनी आयुष्यं घालवली आहेत. १९५५ पर्यंत केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी गाईच्या इन्सुलिनची पूर्ण रचना उलगडली. दोन साखळ्या, एक २१ मण्यांची, दुसरी ३० मण्यांची, म्हणजे एकूण ५१ अमिनो आम्लं. याबद्दल १९५८ चं नोबेल त्यांना मिळालं. माणसाच्या माळेशी ती ताडून पाहिली तर गाईचे फक्त तीन मणी वेगळे. डुकराचा तर एकच! आणि तेही अशा जागी, जिथे बदल चालून जातो.

आता दोन साखळ्या एकमेकींना नेमक्या जागी जोडल्या जातात कशा? त्याचं उत्तर आमच्या याच शहरात सापडलं. डेव्हन शहराच्या उत्तर टोकाकडे, आणि शिकागो विद्यापीठ दक्षिणेला, मध्ये चौदा-पंधरा मैल. तिथे डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये दाखवलं की दोन साखळ्या आधी वेगळ्या नसतातच. एकच लांब साखळी बनते, ती आपोआप घडी घालून बसते, तिचे पक्के सांधे जुळतात, आणि मग मधला तुकडा कापून टाकला जातो. लांब साखळीला नाव मिळालं प्रोइन्सुलिन, मधल्या तुकड्याला सी-पेप्टाइड.

हे आईला सांगत होतो. जन्मभर शिवणयंत्र चालवलेली बाई, लगेच म्हणाली, "म्हणजे कच्चा टाका! आधी धावदोरा घालायचा, पक्की शिवण पडली की ओढून काढायचा."

यापेक्षा चांगलं आम्हाला सांगता आलं नसतं. आणि गंमत पुढेच आहे. कच्चा टाका कुठल्याही रंगाच्या दोऱ्याने घातला तरी चालतो, कारण तो राहणारच नसतो. प्राण्याप्राण्यांत नेमकं तेच दिसतं. सी-पेप्टाइड भराभर बदलत गेलं आहे, पण ज्या साखळ्या राहतात त्या मोठ्या निगुतीने जपलेल्या. दोन साखळ्यांना बांधणारे सांधे तर कुणी हलवलेलेच नाहीत. हॅगफिश नावाचा एक मासा आहे, वामसारखा लांबट, जबडा नसलेला. त्याचे आणि आपले पूर्वज सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. स्टायनर यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या इन्सुलिनचा संदेश १९८१ मध्ये वाचला. अर्ध्याहून बरेच अधिक मणी आपल्यासारखेच निघाले!

असं का, तर इन्सुलिन एकटं काही करत नाही. पेशीच्या अंगावर त्याला ओळखणारा रिसेप्टर बसलेला असतो. निरोप्याने चेहरा फार बदलला तर दार कोण उघडणार? म्हणून दोघंही एकमेकांना धरून बदलतात, नाहीतर बदलतच नाहीत. अपवाद आहे गिनीपिगचा. त्याने इन्सुलिन इतकं बदलून घेतलंय की इतरांच्या मानाने ते फारच दुबळं पडतं. रिसेप्टर मात्र जुन्या वळणाचाच; डुकराचं इन्सुलिन दिलं तर छान ओळखतो.

या घराण्याचा इतिहास एखाद्या वाड्याच्या वाटणीसारखा आहे. समुद्राच्या वाळूत राहणारा ॲम्फिऑक्सस नावाचा बोटभर जीव आहे, पाठीचा कणा नसलेला, पण आपल्या कुळाच्या जवळचा. १९९० मध्ये याच शिकागोच्या मंडळींनी त्याच्यात असा रेणू शोधला की ज्यात थोडं इन्सुलिन आणि थोडं वाढीचं संप्रेरक, दोन्हींच्या खुणा आहेत. कणा असलेल्या प्राण्यांत जनुकांच्या प्रती झाल्या आणि वाटण्या पडल्या. एका भावाकडे साखरेचा कारभार आला, दुसऱ्याकडे अंगाच्या वाढीचा. रिसेप्टरचीही तशीच वाटणी झाली. तरी भावकी सुटलेली नाही. इन्सुलिन फार झालं तर वाढीच्या रिसेप्टरचं दारही ते थोडंफार ठोठावतं.

मग इतकं जपलेलं हे यंत्र आपल्या लोकांतच एवढं का कुरकुरतं? आईच्या प्रकारच्या मधुमेहात बहुधा इन्सुलिन आणि रिसेप्टर दोन्ही धड असतात; दार ठोठावल्यावर आत हालचाल मंदावते, आणि पुढे स्वादुपिंडही दमतं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथँप्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी असतात ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून असते. म्हणजे दिसायला बारीक, आतून स्थूल. याज्ञिक आणि पुण्याचेच जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी २००७ मध्ये एक वेगळा विचारही मांडला: इन्सुलिनला दाद न देणं हा मुळात बिघाड नसावा, अंगबळापेक्षा डोक्याने जगू लागल्यावर शरीराने केलेला तो बदल असावा. तो सगळ्यांना पटला आहे असं नाही. पण दिवसभर खुर्चीत बसून डोकं चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी विचार करावा असा आहे खरा.

हे सगळं ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे अण्णांच्या अंगात मुळातच गाईसारखं होतं. उगाच महिनाभर देवाला दूर ठेवलं बिचाऱ्यांनी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून मात्रा पुन्हा विचारून घेतली. पहिली सुई तिने स्वतःच टोचली, आंघोळ आटपून, देवाला दिवा लावून. तळपायांची आग लगेच थांबली नाही, तशी ती थांबतही नसते. पण "बघू" बंद झालं.

तुमच्याकडेही कुणी वडीलधारं यायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. इन्सुलिन विमानात नेहमी हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानाच्या बॅगेत ते गोठू शकतं आणि गोठलेलं वापरायचं नसतं. आणि औषध पडून राहिलेलं दिसलं तर रागावू नका. चहा घेऊन शेजारी बसा आणि विचारा. कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं.

जिलबी? ती आता खरोखरच 'आमच्यासाठी' येते. आमची स्वतःची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.