पडण्याचे गुण किती?

सुट्टीत आखातातून कुणाचे अब्बा येतात, कुणाचे मामू. सामानात खजूर असतो, अत्तर असतं आणि अलीकडे पोरांसाठी गेमचं यंत्रही असतं. त्यामुळे बुरोंडीसारख्या बंदराच्या गावातही मुलांना ‘स्केट’ हे नाव ठाऊक असतं. यंत्र नसलं तरी त्याचे व्हिडिओ मोबाइलवर दिसतातच. आई-वडिलांनी एकदा शेजारी बसून तो गेम पाहायला हवा.

चार चाकांच्या फळीवर उभा राहून एक मुलगा शहरभर फिरतो. जिन्याच्या कठड्यावरून घसरतो, छपरावरून उडी घेतो, हवेत गिरक्या मारतो. चुकला की गोणीसारखा आपटतो. २०१० साली आलेल्या ‘स्केट ३’मध्ये ‘हॉल ऑफ मीट’ नावाचा खेळ आहे. त्यात पडण्याचेच गुण मिळतात. जितकं भयंकर पडाल, जितकी हाडं मोडतील, तितके गुण जास्त. आणि पुढच्या क्षणी मुलगा पुन्हा उभा! काही वर्षांनी या गेमला नव्याने मागणी आली, तीही यूट्यूबवरच्या अशाच पडापडीच्या व्हिडिओंमुळे.

हसू येतंच, आणि त्यात वाईट काही नाही. ‘टॉम अँड जेरी’मधलं आपटणारं मांजर पाहून आपणही हसलो आहोत. काळजी पुढची आहे. गेमचा व्हिडिओ संपला की मोबाइल स्वतःहून दुसरा लावतो आणि त्यात खरा मुलगा खऱ्या फरशीवर आपटतो. मूल तसंच हसत राहतं. आपल्या घरात कुणी घसरलं तर तोंडून आधी ‘या अल्लाह’ निघतं, मग आपण धावतो. मुलाने धावण्याआधी मोबाइल काढला, तर काहीतरी बिघडतंय हे ओळखावं.

गेम आणखी एक गोष्ट लपवतो, ती म्हणजे सराव. अमेरिकेचा टोनी हॉक याने २७ जून १९९९ रोजी स्पर्धेत हवेत अडीच गिरक्या घेतल्या. त्या दिवशी तो आधी अकरा वेळा पडला, बाराव्या वेळी जमलं. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि या एका कसबामागे त्याची कित्येक वर्षं गेली होती. त्याच वर्षी त्याच्या नावाचा गेम बाजारात आला. त्यात अशा करामती बटणं दाबून होतात. मुलाला वाटतं, सोपं आहे.

या खेळाला नावं ठेवायचं कारण नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली जपानच्या मोमिजी निशिया हिने १३व्या वर्षी सुवर्णपदक जिंकलं. आपल्या महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाड हिने २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. काबूलमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘स्केटिस्तान’ने मुलींना स्केटबोर्ड आणि शाळा दोन्ही दिलं. या मुलीही पडल्या, खरचटल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. पडण्याचे गुण मात्र त्यांना कुणी दिले नाहीत.

आपल्याकडे अडचण जागेची आहे. अंगण चिऱ्याचं, पाखाडी खडबडीत, आणि गुळगुळीत उतार म्हणावा तर दापोलीहून समुद्राकडे उतरणारा रस्ता, ज्यावर गाड्या येतात-जातात. फळीला बेअरिंग ठोकून गाडा करणारी पोरं गावोगाव असतात. गेम पाहून एखाद्याने तोच रस्ता निवडला, तर मोडलेल्या हाडासाठी दापोली गाठावी लागेल. तिथे पुन्हा उभं राहायला बटण नाही, सहा आठवडे प्लास्टर आहे.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. गेमच्या वेष्टणावरचं वय वाचा. ‘स्केट ३’ला अमेरिकेत १३ वर्षं आणि पुढच्यांसाठीचा शिक्का आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास सोबत बसा, आणि तो आपटला की सहज विचारा, “हा खरा असता तर काय झालं असतं?” तिसरं, हात-पाय हलवायची हौस असेल तर वाळू आहे. ओहोटीला किनाऱ्यावर कोलांट्या मारू द्या, पडू द्या. पडल्यावर दुखतं, हे तिथे कमी दुखून कळतं. आणि ज्याला ते कळलं, तो दुसरा पडला की हात पुढे करतो.