दुधाच्या दातांची उपेक्षा

मूल सहा महिन्यांचे झाले की आपल्याकडे त्याचे उष्टावण होते. मामाच्या मांडीवर बसवून त्याला खीर चाटवली जाते आणि त्याच सुमारास हिरडीतून पहिला दात डोके वर काढतो. त्या इवल्याशा दाताचे कौतुक घरभर होते. पुढे सहाव्या-सातव्या वर्षी तो हलू लागून पडला की छपरावर भिरकावून त्याच्या बदल्यात नवा मागण्याची गंमतही होते. या दोन प्रसंगांच्या मधल्या पाच-सहा वर्षांत मुलाच्या तोंडात काय चालले आहे, हे पाहण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतो. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असे म्हटले की वडीलधाऱ्यांचे कर्तव्य संपते.

हा विषय काढण्यास निमित्त वडोदऱ्याचे आहे. बालवाडीच्या वयातील मुलांचे दात किडतात हे सर्वांस ठाऊक आहे. पण ते झिजतातही काय आणि झिजत असतील तर कशाने, हा प्रश्न तेथील दंतवैद्यकाच्या अभ्यासकांपुढे आला आहे. तो तेथे यावा यात आम्हांस नवल वाटत नाही. ज्या संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते शिक्षण राज्यभर लागू केले, त्याच्या राजधानीत मुलांविषयीची आस्था जुनी आहे. तेथील विद्यापीठाची ‘चेतन बालवाडी’ ही तर बालविकासाच्या अभ्यासासाठीच चालविलेली शाळा. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली मराठी घरे आहेत, म्हणून ते शहर आम्हां मराठी वाचकांस परके नाही. शिवाय गुजराती डाळीत जे कोकम पडते, ते आपल्याच किनाऱ्यावरचे. तेव्हा आंबटाने दातांचे काय होते हा वडोदऱ्याचा प्रश्न आपल्याही स्वयंपाकघराचा आहे.

झीज आणि कीड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. कीड लागते ती साखरेवर पोसणाऱ्या जंतूंच्या आम्लामुळे. झीज होण्यास जंतूंची गरज नाही. दातावर दात घासून ती होते, खरखरीत पदार्थाने दात घासल्याने होते, किंवा आंबट पदार्थातील आम्ल दातावरचे कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, सरळ विरघळवते त्यामुळे होते. बहुधा ही तिन्ही कारणे एकमेकांच्या मदतीस धावून येतात. आम्लाने मऊ पडलेला दात मंजनाने लवकर खरवडला जातो. त्यात दुधाच्या दाताचे दंतवल्क कायमच्या दाताच्या सुमारे निम्म्या जाडीचे आणि अधिक मऊ. ते गेले की आतला पिवळसर थर उघडा पडतो आणि गार पाणी लागताच मूल कळवळते. तीन वर्षांच्या मुलाला दात झिणझिणतात हे सांगता येत नाही. ते फक्त ताट दूर सारते आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

दुधाचे दात थोडेफार झिजणे हे स्वाभाविक आहे, हेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रत्येक सपाट झालेल्या दाताने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू गुळगुळीत, पातळ होत चालली असेल किंवा दाढांच्या उंचवट्यांवर लहान वाटीसारखे खळगे पडले असतील, तर ते आम्लाचे काम असण्याचा संभव मोठा. ब्रिटनमध्ये १९९३ साली मुलांच्या दातांची राष्ट्रीय पाहणी झाली, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांत अशी झीज आढळली होती. ज्यांच्या दुधाच्या दातांवर ती दिसते, त्यांच्या कायमच्या दातांवरही पुढे ती दिसण्याचा धोका अधिक असतो, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखविले आहे. म्हणजे दात पडतो, पण सवय पडत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. सोलकढी, आमसुलाचे सार, चिंच, बिंबले, कैरीचे पन्हे यांवाचून आपले जेवण होत नाही आणि होऊही नये. जेवणाबरोबर खाल्लेले आंबट भातात मिसळते, लाळेने सौम्य होते आणि पोटात जाते. त्याचा धसका घेऊन कोणी सोलकढी बंद केली, तर या लेखाचा तो दुरुपयोग होईल! नुकसान होते ते जेवणाबाहेर, घोटाघोटाने, तासन्‌तास तोंडात घोळविलेल्या आंबटाने. मुलाच्या हाती दिलेली सरबताची बाटली, रडू नये म्हणून रात्री तोंडात ठेवलेले फळांच्या रसाचे बूच, दुकानातली फेसाळ पेये, बर्फाच्या गोळ्यावरचा आंबट पाक, ही खरी शत्रुसेना. फेसाळ पेयांत फॉस्फरिक किंवा सायट्रिक आम्ल असते. त्यांतली साखर काढली तरी आम्ल राहतेच, हे ‘साखरविरहित’ या शब्दावर भुलणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. वारंवार उलट्या होणाऱ्या किंवा छातीशी आंबट येणाऱ्या मुलाच्या दातांवर तर त्याच्याच जठरातले आम्ल चढाई करीत असते. तेथे दंतवैद्याआधी बालरोगतज्ज्ञ हवा.

दुसरा प्रश्न मंजनाचा. आपल्या आजोबांनी भाताच्या तुसाची राखुंडी वापरली आणि त्यांचे दात शेवटपर्यंत टिकले, असे अभिमानाने सांगितले जाते. ज्यांचे टिकले नाहीत, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, हा भाग वेगळा. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच म्हणा ना. कोळशाची पूड, विटेची भुकटी, गेरू घातलेली लाल मंजने हीही कमी-अधिक प्रमाणात कानसेचेच काम करतात. प्रौढाचा दात ते काही काळ सोसतो, दोन वर्षांच्या मुलाचा सोसत नाही. त्याला मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नयेत. पाण्याने चूळ भरून अर्धा तास तरी थांबावे.

आणि मशेरी? दात घासण्याच्या पेस्ट-पावडरीत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूवर कोणता कायदा पोहोचणार? आजीच्या बोटावरची मशेरी नातवाच्या बोटावर येते, तेव्हा प्रश्न दाताच्या झिजेपुरता उरत नाही. येथे आम्ही कोणाची भीड ठेवू इच्छीत नाही. मुलाच्या हाती तंबाखू देणे हा गुन्हा आहे, तो मायेने केला म्हणून सौम्य होत नाही.

झोपेत दात खाणाऱ्या मुलाला जंत झाले आहेत, असे समजून औषध पाजण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. जंतांचा आणि दात खाण्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयाबरोबर जाते. मात्र मूल तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्यावे.

हे सारे घरातल्या स्त्रीने लक्षात ठेवावे आणि न ठेवल्यास दोष तिचा, असे म्हणून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. मुलाला पेय विकणारा जाहिरातीवर अमाप पैसा खर्चतो. आईला ते पेय काय करते हे सांगणारा कोणी नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोन वेळा तपासणी अपेक्षित आहे आणि दातांचे विकार त्या यादीत आहेत. पण तपासणाऱ्याची नजर कीड शोधते. झीज तिच्यातून निसटते. वस्तुतः झीज ओळखण्यास यंत्र लागत नाही. मुलाला तोंड उघडायला लावून एक आरसा धरायचा आणि त्याच्या आईला विचारायचे, हा दिवसभर काय पितो? रात्री बाटली घेऊन झोपतो का? दात कशाने घासता? बोर्डीला १९४५ साली बालवाडी सुरू करताना ताराबाई मोडकांनी मुलांची स्वच्छता हा शाळेच्या कामाचाच भाग मानला होता; हे तीन प्रश्न त्याच परंपरेतले आहेत.

बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून आपल्या राज्यात आहे. तेथील विद्यार्थी तालुक्यातालुक्याच्या अंगणवाड्यांत जाऊन सेविकांना झिजलेला दात कसा दिसतो हे एका सकाळी दाखवू शकतील. मुलांची वजने जेथे लिहिली जातात, त्या वहीत या तीन उत्तरांसाठी एक रकाना आखावा, ही महिला व बालविकास खात्याकडे आमची मागणी आहे. त्याला नवे अनुदान लागत नाही. वडोदऱ्याने प्रश्न विचारला आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या अंगणवाड्यांत तो येत्या जूनपासून विचारला जावा.