वाऱ्यावर मालकी कोणाची?

इंग्लंडात सफोक परगण्यात बेरी सेंट एडमंड्स नावाचे जुने गाव आहे. गावाच्या दक्षिण अंगास हॅबरडन म्हणून एक मोकळी जागा असून तेथे हल्ली रग्बीचे सामने होतात. 1191 साली या जागेवर एक पवनचक्की उभी राहिली, आणि उभी राहते न राहते तोच नाहीशीही झाली. तिची एक फळीसुद्धा आज उरलेली नाही. परंतु तेथील मठातील जोसेलिन नावाच्या साधूने आपल्या बखरीत तिची हकीकत नमूद करून ठेवल्यामुळे, आठशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्या चक्कीविषयीचा वाद जिवंत राहिला आहे. आमच्या मते तो वाद अद्याप मिटलेला नाही.

त्या काळी पवनचक्की ही इंग्लंडात अगदी नवी वस्तू होती. जमिनीत बळकट आधारांवर एक जाड खांब उभा करीत, त्यावर लाकडी खोली तोलून बसवीत आणि खोलीच्या तोंडाशी चार शिडे बांधीत. वारा फिरला की मागील लांब दांड्यास खांदा लावून सबंध घरच वळवावयाचे! यापूर्वी दळण होई ते पाणचक्कीवर. पाणचक्कीस ओढा हवा, बंधारा हवा, आणि ओढ्याच्या काठास धनी असे. तो धनी बहुधा जमीनदार किंवा मठ. रयतेने त्याच्याच चक्कीवर दळावे व दळणावळ म्हणून धान्याचा वाटा तेथेच ठेवावा, असा दंडक होता. वाऱ्यास मात्र काठ नाही.

हर्बर्ट नावाच्या डीनने हे ओळखून आपल्या जमिनीत चक्की उभारली. ही वार्ता मठाधिपती सॅमसन यांच्या कानी गेली तेव्हा त्यांस इतका संताप आला की अन्न गोड लागेना व तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी उपासना आटोपताच त्यांनी सुतार पाठवून चक्की मोडून टाकण्याचा हुकूम सोडला. हर्बर्ट धावत आला. जमीन माझी आहे, वाऱ्याचा लाभ कोणाही मनुष्यास नाकारता येत नाही, आणि मी दळणार ते केवळ माझे धान्य, असे त्याने विनविले. मठाधिपतींचा राग निवळला नाही. गावचे लोक तुझ्या चक्कीकडे लोटतील, आणि ते स्वतंत्र नागरिक असल्याने मला त्यांस शासनही करता येणार नाही, असे ते म्हणाले. तू घरी पोहोचण्यापूर्वीच चक्कीचे काय झाले ते तुला कळेल, असेही त्यांनी बजावले. भ्यालेल्या डीनने मुलाच्या सल्ल्याने आपल्याच चाकरांकरवी चक्की उतरवली. मठाची माणसे आली तेव्हा मोडावयास काही शिल्लकच नव्हते.

सॅमसन यांस केवळ दुष्ट ठरविणे सोपे आहे, पण ते खरे नाही. कर्जात बुडालेला मठ त्यांनी वर काढला, रुग्णांसाठी आश्रम बांधला, आणि गरीब विद्यार्थ्यांस भाडे पडू नये म्हणून शाळेसाठी घर विकत घेऊन दिले. शाळामास्तरांनी तरी हे विसरू नये! 1190 साली गावातील यहुद्यांस त्यांनीच घालवून दिले, हेही त्याच बखरीत आहे. संस्था चालविणाऱ्यास पैसा लागतो हे आम्ही जाणतो. तथापि उत्पन्न चांगल्या कामी लागते एवढ्याने ते मिळविण्याची रीत न्याय्य ठरत नाही. डीनही काही रंजलागांदलेला शेतकरी नव्हता. तो जमीनदार धर्माधिकारीच. खरा प्रश्न होता तो नागरिकांचा. स्वस्त अथवा सोयीचे दळण कोठे मिळेल हे निवडण्याची संधी त्यांच्या हातून गेली, आणि त्यांचे मत कोणी विचारल्याचे बखरीत आढळत नाही.

सेंट ऑल्बन्स येथील मठाने पुढे याहून मोठी मजल मारली. चौदाव्या शतकात तेथील मठाधिपतींनी नागरिकांची घरगुती जाती जप्त केली व त्यांच्या तळ्या मठातील दालनाच्या फरशीत बसवल्या. 1381 च्या बंडात लोकांनी ती फरशी उखडली आणि दगडाचे तुकडे प्रसादासारखे आपसांत वाटून घेतले.

जात्यावर वाढलेल्या महाराष्ट्रीय वाचकास त्या तुकड्यांचे मोल वेगळे सांगावयास नको. मोशेच्या नियमशास्त्रात जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये अशी आज्ञा आहे, कारण ते घेणे म्हणजे मनुष्याचा जीवच गहाण घेणे होय. आमच्या बारा बलुत्यांत चक्कीवाला नव्हता. दळणावर हक्क सांगणारा मठ येथे उभा राहिला नाही, याचे एक कारण हेच असावे. मात्र ते स्वातंत्र्य फुकट नव्हते. पहाटेच्या अंधारात उठून आमच्या आज्या-पणज्यांनी त्याची किंमत मनगटांनी चुकती केली, आणि आपण त्यांच्या ओव्यांचे कौतुक करताना त्यांच्या दुखऱ्या खांद्यांस विसरतो.

आता सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या व वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. त्या धान्य दळीत नाहीत, वीज करतात. वारा अजूनही कोणाच्या सातबारावर चढलेला नाही. परंतु मनोऱ्यास जमीन लागते, तेथवर रस्ता लागतो, तारा ओढाव्या लागतात, आणि जेथे जमीन आली तेथे सॅमसन व हर्बर्ट दोघेही आले. आमच्या मते अशा करारात जमिनीच्या धन्याइतकाच पठारावर गुरे चारणाऱ्याचाही विचार झाला पाहिजे, व तो मनोरा उभा राहण्यापूर्वी झाला पाहिजे.

साताऱ्याकडील विद्यार्थ्यांनी सुटीत घरी गेल्यावर वडीलधाऱ्या माणसांस विचारावे: चक्क्या येण्यापूर्वी त्या माळाचा उपयोग कोणकोण करीत असे, आणि आता कोण करतो? उत्तरे लिहून आणल्यास पुढील अंकात त्यांस अवश्य जागा देऊ.