भरून वाहणारी टपालपेटी



कचेरी बंद झाल्यावर किंवा शाळा सुटल्यावर साहेबांनी पाठविलेले ई-मेल वाचणे नोकरदाराचे कर्तव्य आहे काय? पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता तर आपण हसलो असतो. आज त्यावर देशोदेशी कायदे होत आहेत.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना या विषयावर कामगारांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात आपल्या बेटावरील कितीतरी घरांतील मुले व नातवंडे स्थायिक झाली आहेत. तेथे २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर मालकाचा निरोप न वाचण्याचा व त्यास उत्तर न देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. नकार अवाजवी नसावा, एवढीच अट आहे. पंधरापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी हाच हक्क एक वर्षाने, ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झाला. आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या बारामतीच्या खासदार श्रीमती सुप्रिया सुळे यांनीही २०१८ मध्ये लोकसभेत याविषयी खासगी विधेयक मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु आम्हांस वाटते की दुखणे थोडे वेगळे आहे. कायदा रात्रीची घंटा बंद करतो, पेटीत पडणारे पत्र थांबवीत नाही. रात्री न वाचलेली तीस पत्रे सकाळी तेथेच बसलेली असतात.

जर्मनीतील दोन मोटार कंपन्यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. फोक्सवॅगनने २०११ मध्ये आपल्या काही कर्मचाऱ्यांसाठी असा नियम केला की पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने त्यांच्या फोनवर ई-मेल येणे बंद व्हावे आणि दुसऱ्या दिवशी पाळीपूर्वी अर्धा तास ते सुरू व्हावे. डाइमलरने २०१४ मध्ये त्याच्या पुढचे पाऊल टाकले. सुटीवर गेलेला कर्मचारी इच्छा असल्यास अशी सोय करू शकत असे की त्याला आलेले पत्र आपोआप नष्ट व्हावे, आणि पाठविणाऱ्याला ‘हे पत्र काढून टाकले आहे, तातडीचे असल्यास अमुक व्यक्तीला लिहा’ असे कळावे. पहिल्या उपायात पाणी अडविले गेले. दुसऱ्यात ओझे पाठविणाऱ्याच्या डोक्यावर परत गेले. आमच्या मते खरी गोम येथेच आहे.

पेटी भरून का वाहते, हे पाहू. जुन्या काळी पत्राला कागद, लखोटा आणि तिकीट लागे. आपण ज्याला क्रेओलमध्ये फाक्तेर म्हणतो तो पोस्टमन ते घरी आणून देई. खर्च पाठविणाऱ्याचा असे, म्हणून तो लिहिण्यापूर्वी विचार करी. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप धाडला आणि त्यासाठी ते वाटोळे ‘ॲट’ चिन्ह योजिले. तेव्हापासून हळूहळू पाठविण्याचा खर्च शून्यावर आला. तरीही पेट्या लहान होत्या आणि जुनी पत्रे काढल्याशिवाय नवी मावत नसत. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एका गिगाबाइटची जागा फुकट देऊ केली, तेव्हा इतर फुकट पेट्यांत जेमतेम काही मेगाबाइट मिळत. काहीच फेकण्याची गरज उरली नाही आणि आम्ही फेकणे विसरलो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसे साचले.

आता शाळेतील गणित मांडतो. एका शाळेत चाळीस शिक्षक आहेत. एक परिपत्रक वास्तविक तिघांसाठी आहे, पण ‘माहितीसाठी’ म्हणून चाळीसही जणांना जाते. प्रत्येकाला ते उघडून वाचण्यास दोन मिनिटे लागली तर एकूण ऐंशी मिनिटे गेली. पाठविणाऱ्याचा एक क्षण गेला. त्यात कोणी ‘मिळाले, धन्यवाद’ असे सर्वांनाच उत्तर धाडले की चाळीस जण पुन्हा पेटी उघडणार!

मार्च २०२० मध्ये साथीमुळे आपल्या शाळा बंद झाल्या. त्या दिवसांत ई-मेलचा आधार झाला, हे आम्ही नाकारीत नाही. गृहपाठ, सूचना, पालकांचे प्रश्न सारे त्याच वाटेने येऊ लागले. शाळा उघडल्या, वह्या व कागद परत आले, पण ई-मेलचा ओघ काही परत गेला नाही. आता दोन्ही आहेत.

याची किंमत कोण देतो? आम्ही आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत, शाळेचे वर्ष सुरू होताना, एका आईचे चार ओळींचे पत्र आले. मुलाला फळ्यावरचे दिसत नाही, चष्मा पुढल्या महिन्यात मिळेल, तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवावे, एवढेच तिचे म्हणणे होते. परिपत्रके, जाहिराती आणि ‘माहितीसाठी’ आलेल्या प्रतींच्या खाली ते दबले. आम्ही ते एकोणीस दिवसांनी वाचले. त्या एकोणीस दिवसांत शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो म्हणून आम्ही त्या मुलाला दोनदा वर्गासमोर रागावलो होतो. मुलगा काही बोलला नाही. आपल्या आईने बाईंना कळविले आहे, असेच तो समजत असावा.

मोठ्या साहेबाचे पत्र हरवत नाही, कारण तो पुन्हा लिहितो, फोन करतो. हरवते ते एकदाच आणि संकोचाने लिहिणाऱ्याचे.

मग करावे काय? काही साध्या गोष्टी आम्ही त्यानंतर पाळू लागलो. दर पाच मिनिटांनी पेटी उघडणे सोडले, आता सकाळी, दुपारी व शाळा सुटताना अशी तीनदा उघडतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १२४ जणांवर प्रयोग करून २०१५ मध्ये दाखविले की दिवसातून तीनदाच ई-मेल पाहिल्यास मनावरचा ताण कमी होतो. पालकांच्या पत्रांसाठी वेगळा कप्पा केला व तो प्रथम पाहतो. उघडलेल्या पत्राचा तेथेच निकाल लावतो: उत्तर द्यायचे, कामाच्या यादीत लिहायचे, जपून ठेवायचे की टाकायचे. महिन्यापूर्वीचा जुना ढीग चाळून, पालकांची पत्रे बाजूला काढून, बाकीचा एकदम वेगळ्या कप्प्यात हलविला. दुकानांची जाहिरातपत्रे बंद करून टाकली.

परंतु वाचणाऱ्याने कितीही झाडलोट केली तरी कचरा टाकणारा थांबला नाही तर अंगण स्वच्छ राहत नाही. म्हणून प्रत्येक शाळेने, कचेरीने आणि आपल्या मंडळांनीही पाठविण्याचे नियम करावेत. ज्याचे काम त्यालाच पत्र जावे. विषयाच्या ओळीत काम आणि तारीख स्पष्ट असावी. एका पत्रात एकच बाब असावी. तातडी असेल तर फोन करावा. गणेशोत्सवाची सभा ठरविण्यासाठी साठ जणांनी साठ जणांना उत्तरे पाठविण्याची काय गरज?

कायदे रात्रीची झोप राखतील, त्यांचे आभार मानू. दिवसाची शिस्त मात्र आपणच लावली पाहिजे. आज ‘पाठवा’ ही कळ दाबण्यापूर्वी, वाचकहो, आपण एकच विचारावे: याला तिकीट लावावे लागले असते, तर हे पत्र मी धाडले असते काय? नसल्यास ते धाडू नये. त्या रिकाम्या जागेत कदाचित एखाद्या आईच्या चार ओळी दिसतील.